पुण्यातला गलांडा पावसाळ्यात का मरतो, आणि त्याच्या इतर तक्रारी

दसऱ्याच्या आधी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात झेंडू आणि शेवंतीच्या ढिगांशेजारी तांबड्या-पिवळ्या गलांड्याची फुलेही विकायला येतात, आणि देवाच्या हारांत ती इतकी रुळलेली आहेत की हे फूल आपल्याच मातीतले असावे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात गलांडा, म्हणजेच गॅलार्डिया, हा मूळचा अमेरिकेतला आहे आणि त्याच्या बागेत लावल्या जाणाऱ्या प्रमुख जाती उत्तर अमेरिकेतील प्रेअरी नावाच्या गवताळ मैदानांवर वाढतात. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क या अमेरिकी संशोधक-प्रवाशांची मोहीम पॅसिफिक किनाऱ्यावरून परत येत असताना, १८०६ च्या जुलै महिन्यात, लुईसने आजच्या मोंटाना राज्यातील कोरड्या टेकड्यांवर बहुवर्षायू गलांड्याचा, म्हणजे गॅलार्डिया अरिस्टाटाचा, नमुना गोळा केला होता. त्या भागात वर्षभरात साधारण ३०० ते ४५० मिलिमीटर पाऊस व बर्फ मिळून पडतो, जमीन खडेमिश्रित असते, पाणी पडले तरी ते मुळांपाशी थांबत नाही, आणि जे काही अन्न मातीत असते त्यासाठी आजूबाजूच्या गवताशी झगडावे लागते.

पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेत वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पावसाची नोंद होते, शहराच्या पश्चिमेकडील उपनगरांत त्याहून अधिक पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अमेरिकी माळी सांगतात की गलांडा थंडीने मरत नाही, थंडीत मुळांशी साचलेल्या ओलीने मरतो. आपल्याकडे बर्फ नाही, परंतु साचलेली ओल आहे, आणि ती हिवाळ्याऐवजी पावसाळ्यात असते. म्हणून तिकडच्या पुस्तकांत हिवाळ्यासाठी दिलेली खबरदारी आपण पावसाळ्यासाठी घ्यावी. एवढा एक बदल लक्षात ठेवला तर पुढील बहुतेक तक्रारींची संगती लागते. फवारणीचा पंप हाती घेण्यापूर्वी माती तपासण्याची सवय मला बऱ्याच उशिरा लागली, आणि तोवर माझी दहा-बारा झाडे गेली होती.

आधी कोणता गलांडा आहे ते ओळखावे

काही वेळा झाडाला कोणताही आजार झालेला नसतो. त्याचे आयुष्य संपलेले असते. रोपवाटिकेतील पाटीवर नुसते ‘गॅलार्डिया’ लिहिलेले असते, पण त्या एका नावाखाली निदान तीन प्रकारची रोपे विकली जातात. गॅलार्डिया पुल्केला ही दक्षिणेकडच्या मैदानांतील, टेक्सास-ओक्लाहोमाकडची जात हंगामी आहे. ओक्लाहोमाने १९८६ मध्ये तिला राज्याचे रानफूल म्हणून मान दिला. चेंडूसारखी गच्च भरलेली जी दुहेरी फुले असतात ती बहुधा याच जातीची. बी पेरल्यापासून काही महिन्यांत ही जात फुलते, बी धरते आणि वाळून जाते, आणि तिला कितीही खतपाणी घातले तरी ती दुसरे वर्ष पाहत नाही. अरिस्टाटा ही खरी बहुवर्षायू जात आहे. या दोहोंच्या संकरातून तयार झालेला ग्रँडिफ्लोरा हा तिसरा प्रकार. ‘गॉब्लिन’, ‘बर्गंडी’, ‘अ‍ॅरिझोना सन’ ही नावे लिहिलेली पाकिटे किंवा रोपे या प्रकारातली असतात. हा संकर बहुवर्षायू म्हणून विकला जातो खरा, पण इतका भरभरून फुलतो की दोन-तीन वर्षांत थकतो, आणि तेवढे आयुष्य त्याच्यासाठी पुरेसे मानावे.

ओळख पटवण्यासाठी बुंध्याजवळची माती बोटांनी थोडी बाजूला करावी. जमिनीतून एकच मुख्य खोड वर येऊन त्याला पुढे फांद्या फुटलेल्या असतील तर ती हंगामी जात असण्याची शक्यता अधिक. जमिनीलगत पानांचा झुबका असेल आणि त्याच बुडख्यातून अनेक धुमारे निघालेले असतील, म्हणजे झाडाने ठोंब धरला असेल, तर ते बहुवर्षायू आहे. हंगामी जात वाळली तर तिचे बी गोळा करावे आणि दुःख करू नये. पुढील सारे विवेचन मुख्यतः ठोंब धरणाऱ्या गलांड्याविषयी आहे.

हिरवे झाड एका दिवसात मान टाकते

ही सर्वांत मोठी तक्रार आहे आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये हटकून येते. आठ दिवस झड लागते, नंतर एक दिवस लख्ख ऊन पडते, आणि कालपर्यंत टवटवीत असलेले झाड दुपारी मान टाकते. पाहणाऱ्याला वाटते की उन्हाने पाणी कमी पडले, म्हणून तो तांब्याभर पाणी आणखी ओततो, आणि झाडाच्या वाचण्याची उरलीसुरली शक्यता तिथेच संपते. घडलेले असते ते असे: सतत भिजलेल्या मातीतील हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना श्वसनासाठी प्राणवायू मिळत नाही, गुदमरलेल्या मुळांवर पिथियम किंवा फायटोफ्थोरासारख्या ओलीत फोफावणाऱ्या रोगकारकांचा हल्ला होतो, आणि मुळे कुजलेली असूनही ढगाळ हवेत पानांची पाण्याची गरज कमी असल्यामुळे वरून काहीच कळत नाही. ऊन पडताच पाने पाणी मागू लागतात आणि मुळांकडे ते वर चढवण्याची ताकद उरलेली नसते.

यासाठी पहिली तपासणी वेळेची आहे. भर दुपारी माना टाकलेले झाड संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताठ झाले, तर ते केवळ उन्हाचा ताण सोसत होते. सकाळी सातलाही ते तसेच लोळत असेल तर मुळांत बिघाड आहे. दुसरी तपासणी बोटाची. मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे, आणि कुंडी असेल तर ती उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. जड कुंडीतले झाड कोमेजलेले असेल तर त्याला पाणी मुळीच देऊ नये. तिसरी तपासणी बुडख्याची: जमिनीलगतचा भाग नखाने हलका खरवडला असता आत पांढरट-हिरवा आणि कडक लागला तर आशा आहे; तपकिरी, मऊ, बोटाने दाबताच साल सुटणारा आणि कुबट वास येणारा असेल तर ते झाड गेले असे समजून मुळासकट उपटावे, आसपासची ओंजळ-दोन ओंजळ माती काढून टाकावी, आणि त्याच जागी त्या हंगामात पुन्हा गलांडा लावू नये.

बुडखा शाबूत असेल तर करायचे ते असे. कुंडी लगेच पावसातून काढून उजेड आणि वारा मिळेल अशा छपराखाली, शक्य असल्यास दोन विटांवर, ठेवावी. फुले व कळ्या काढून टाकाव्यात आणि पानांचा एक तृतीयांश भार छाटावा, म्हणजे अशक्त मुळांवरील मागणी कमी होईल. माती वाफशावर येईपर्यंत, म्हणजे हाताला ओलसर लागते पण मुठीत दाबून सोडली असता भुगा होते अशा अवस्थेपर्यंत, काहीही घालू नये. खत तर नाहीच. वाफसा आल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात बुडख्याभोवती ओतता येते. ज्यांना रासायनिक औषध नको असेल त्यांनी ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मिसळून घालावी, पण ती मुख्यतः रोग येऊ नये म्हणून घालायची असते, बुडखा सडल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. दोन्ही एकाच वेळी मात्र घालू नयेत, कारण ताम्रयुक्त औषध त्या उपयुक्त बुरशीलाही मारते. झाड वाचेल की नाही याची शंका असल्यास, बिनफुलाच्या शेंड्याच्या आठ-दहा सेंटिमीटरच्या चार फांद्या कापून ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये खोचून ठेवाव्यात. साधारण तीन आठवड्यांत त्यांतल्या काही मूळ धरतात.

आता ही वेळ येऊच नये म्हणून काय करावे, हे अधिक महत्त्वाचे. नदीकाठच्या भागांत खोल काळी माती असते, ती पाण्याने फुगते आणि चिखल होऊन बसते. टेकड्यांच्या उतारावर बांधलेल्या घरांच्या अंगणात मात्र फुटा-दीड फुटाखाली मुरूम लागतो आणि गलांडा तिथे विनासायास जगतो. आपल्या जमिनीचा निचरा तपासण्यासाठी फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावे, आणि या दुसऱ्या खेपेस पाणी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर सपाट जमिनीत गलांडा लावू नये. वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच गादीवाफा करून त्यात मातीच्या बरोबरीने बारीक मुरूम मिसळावा. काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू मिसळून काम भागते असे समजणे चुकीचे आहे, कारण थोडी वाळू चिकणमातीच्या कणांत रुतून बसते आणि उन्हाळ्यात त्याची वीट होते. लावणी करताना रोपाचा बुडखा मातीच्या पातळीपेक्षा बोटभर वरच राहील असे पाहावे, आणि बुडख्याला टेकून पालापाचोळ्याचे आच्छादन घालू नये. आच्छादन घालायचेच असेल तर बारीक खडीचे घालावे.

कुंड्यांच्या बाबतीत चूक आपली असते तशी रोपवाटिकेचीही असते. पिशवीतले रोप पुष्कळदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात वाढवलेले असते, कारण तसा गोळा वाहतुकीत फुटत नाही. तो गोळा जसाच्या तसा भुसभुशीत मिश्रणात ठेवला की एकतर त्यात पाणी शिरतच नाही, किंवा शिरले तर निघत नाही. म्हणून लावण्यापूर्वी गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने सोडवावी, खालची गुंडाळलेली मुळे मोकळी करावीत. एका रोपवाटिकेतून मी एकदा सहा रोपे आणली आणि गोळे न फोडता लावली. त्यांपैकी पाच पहिल्याच झडीत गेली, आणि उपटून पाहिले तेव्हा मुळे गोळ्याच्या बाहेर बोटभरही आलेली नव्हती. मिश्रणासाठी दोन भाग लाल माती किंवा पोयटा, दोन भाग बारीक मुरूम अथवा विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत पुरते. कोकोपीट पाणी धरून ठेवते, तेव्हा गलांड्याच्या कुंडीत ते मूठभरापलीकडे नसावे.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो असे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले आहे, परंतु पाणी बारीक कणांच्या मातीतून जाड खड्यांत तेव्हाच उतरते जेव्हा वरची माती पूर्ण संपृक्त होते. परिणामी तो चिंब थर खड्यांच्या उंचीइतका वर, मुळांच्या अधिक जवळ, सरकतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून फुटक्या कुंडीची एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, बाकी कुंडी मातीनेच भरावी. भोके मात्र तीन-चार हवीत. सोसायटीत राहणाऱ्यांची आणखी एक अडचण असते: खालच्या मजल्यावर पाणी ठिबकते अशी तक्रार येते म्हणून कुंडीखाली थाळी ठेवली जाते, आणि पावसाळाभर कुंडी त्या थाळीतल्या पाण्यात बसून राहते. थाळी काढणे शक्य नसेल तर तिच्यात विटेचे तीन तुकडे ठेवून त्यांवर कुंडी ठेवावी, म्हणजे शेजार आणि झाड दोन्ही टिकतात.

पाणी देण्याचे वेळापत्रक माळ्याच्या फेरीवर ठरू नये. माळी रोज येतो म्हणून रोज पाणी घातले जाते, हा पुण्यातल्या कित्येक बागांचा रोग आहे. जमिनीतल्या, मूळ धरलेल्या गलांड्याला हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि एप्रिल-मेमध्ये दोनदा भरपूर पाणी पुरते. कुंडीत उन्हाळ्यात एक दिवसाआड लागू शकते, कारण गच्चीचा स्लॅब तापतो आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती हवेपेक्षाही गरम होते. अशा कुंडीच्या पानांच्या कडा करपू लागल्या तर पाणी वाढवण्याआधी कुंडी स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवावी, तिच्याभोवती गोणपाट गुंडाळावे, आणि पुढील वेळी मातीची कुंडी घ्यावी, कारण तिच्या भिंतीतून पाझर होतो आणि त्याने आतली माती थंड राहते.

पाने भरपूर, फुले नाहीत

हिरवागार, गुडघ्याएवढा वाढलेला आणि तरीही कळीचा पत्ता नसलेला गलांडा दिसला की मी मालकाला खताविषयी विचारतो. उत्तर बहुधा ‘दर पंधरा दिवसांनी देतो’ असे येते. नत्र जास्त झाले की झाड पाने आणि फांद्या वाढवत राहते, फांद्या मऊ व लांब होतात, एका जोराच्या सरीत आडव्या पडतात आणि मावा त्यांच्यावर तुटून पडतो. म्हणजे फुले न येणे, झाड लोळणे आणि कीड पडणे या तीन तक्रारींचे कारण एकच असू शकते. युरिया, ताजे शेण, शेणाची स्लरी हे सर्व बंद करावे. लावणीच्या वेळी घातलेले शेणखत आणि पावसाळा संपल्यावर ठोंबाभोवती मूठभर गांडूळ खत एवढ्यावर वर्ष निघते. लोळलेले झाड काठीला बांधून उभे करण्यापेक्षा ते निम्म्यावर छाटणे बरे, कारण नवे धुमारे आखूड आणि दणकट येतात. रोप वीतभर उंच झाल्यावर शेंडा खुडला तर पुढे आधाराची गरजच सहसा पडत नाही.

खत कमी करूनही फुले आली नाहीत तर उन्हाकडे पाहावे. गलांड्याला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते, आणि पुण्यातल्या गॅलरीत ऊन वर्षभर एकसारखे नसते. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरमध्ये खोलवर येणारे ऊन मेमध्ये कठड्याच्या बाहेरच थांबते, आणि उत्तरेच्या गॅलरीत जिथे एरवी ऊन शिरतच नाही तिथे त्या दोन-अडीच महिन्यांत सकाळ-संध्याकाळी ते पोहोचते. दक्षिणेच्या गॅलरीतला गलांडा हिवाळ्यात फुलतो आणि उन्हाळ्यात थांबतो, तो याच कारणाने. कुंडी हलवता येत असेल तर उन्हाळ्यापुरती गच्चीवर न्यावी. येत नसेल तर हिवाळ्याच्या फुलांवर समाधान मानावे. पूर्वेची किंवा पश्चिमेची गॅलरी असेल तर पश्चिमेची निवडावी, गलांडा त्या कडक उन्हाला घाबरत नाही.

तिसरे कारण साधे आहे. पाकळ्या गळाल्यावर देठावर जो केसाळ गोंडा उरतो तो दिसायला सुबक असतो, काही जण त्याला नवी कळी समजून राखतात, आणि झाड आपली शक्ती बी भरण्यात घालवते. कळी चपटी आणि मधोमध हिरवट असते; बियांचा गोंडा पूर्ण गोल, राखाडी-तपकिरी आणि हाताला कुरकुरीत लागतो. हे गोंडे आठवड्यातून एकदा, केवळ मानेपाशी न तोडता खालच्या पानाच्या बेचक्यापर्यंत देठासह कापावेत. हंगामाच्या शेवटी काही गोंडे बियांसाठी ठेवावेत. छाटणी करताना हातमोजे घालावेत, कारण पानांवरील लव आणि झाडातील रसायने काही जणांच्या त्वचेला खाज आणतात; माझ्या मनगटावर दरवर्षी एकदा तरी त्याची आठवण उमटते.

पाने पिवळी, पांढरी, गुंडाळलेली

खालची एक-दोन पाने पिवळी पडून गळत असतील तर ते म्हातारपण आहे, त्यावर औषध शोधू नये. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहत असतील तर लोहाची कमतरता समजावी. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या बागांत आणि चुनखडीयुक्त जमिनीत हे नेहमी दिसते. मातीत लोह असते, पण विम्लतेमुळे, म्हणजे मातीच्या अल्कलीपणामुळे, मुळांना ते घेता येत नाही. म्हणून मातीत हिराकस टाकण्यापेक्षा चिलेटेड लोहाची पाकिटावरील प्रमाणात पानांवर फवारणी करावी, आणि जमेल तेव्हा गच्चीवरचे पावसाचे साठवलेले पाणी कुंडीला द्यावे. जुनी व नवी सगळीच पाने एकदम पिवळी पडत असतील तर पुन्हा पाण्याकडे, म्हणजे कुजणाऱ्या मुळांकडे, वळावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दिवसा कोरडे ऊन आणि पहाटे दव अशी हवा असते, आणि गर्दीने लावलेल्या झाडांच्या पानांवर पिठासारखी भुरी दिसू लागते. हा रोग कुरूप असला तरी प्राणघातक नसतो. दोन झाडांमध्ये फूटभर अंतर ठेवावे, मधल्या दाट फांद्या विरळ कराव्यात, पाणी संध्याकाळी पानांवर न मारता सकाळी मुळाशी द्यावे. डाग वाढतच असतील तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारावे. मात्र तापमान ३५ अंशांच्या वर असताना, किंवा निंबोळी तेल फवारल्यानंतर दोन आठवडे होईपर्यंत ते वापरू नये, कारण पाने भाजतात.

मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांखाली बसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो निम्म्याहून अधिक झडतो. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. फुलकिडे पाकळ्यांच्या कडा तपकिरी करतात, एखादे फूल पांढऱ्या कागदावर झटकले की ते बारीक धावताना दिसतात, आणि उपाय तोच. पिठ्या ढेकूण कुंडीत मुंग्यांच्या मागोमाग येतो, तेव्हा आधी मुंग्यांची वाट बंद करावी. पावसाळ्यात कोवळी रोपे रात्रीतून गायब झाली तर टॉर्च घेऊन गोगलगायी शोधाव्यात आणि वेचाव्यात. त्यांच्यासाठी याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. कोणतीही फवारणी सूर्यास्तानंतर करावी, कारण दिवसभर गलांड्यावर सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांची ये-जा असते. मूळ प्रदेशात या फुलाशी कीटकांचे नाते इतके जवळचे आहे की कोलोरॅडोमधील शिनिया मासोनी नावाचा एक पतंग तांबड्या पंखांनी आणि पिवळ्या डोक्याने गलांड्याच्या फुलावर बसला की दिसेनासा होतो, आणि त्याच्या अळ्याही त्याच झाडावर वाढतात. आपल्या बागेत तो येणार नाही, परंतु फुलावर बसलेला प्रत्येक किडा शत्रू नसतो एवढे त्यावरून ध्यानात घ्यायला हरकत नाही.

एका लक्षणाबाबत मात्र दयामाया नको. फुलाच्या पाकळ्या हिरव्या, मुरडलेल्या आणि पानांसारख्या निघू लागल्या, एकाच जागी बारीक, फिकट पानांचे झुबके आले, तर तो फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवामुळे होणारा रोग असण्याची दाट शक्यता असते. वांग्यावरील पर्णगुच्छाला शेतकरी बोकड्या म्हणतात, हा त्याच कुळातला प्रकार आहे. तुडतुडे रस शोषताना त्याचा प्रसार करतात. यावर औषध नाही. झाड मुळासह उपटून पिशवीत बांधून टाकावे, खतखड्ड्यात टाकू नये, आणि शेजारच्या शेवंती व अ‍ॅस्टरवर काही दिवस लक्ष ठेवावे, कारण ती गलांड्याच्याच कुळातली असल्याने त्यांनाही लागण होऊ शकते.

ठोंब मधून रिकामा होणे, आणि नवी रोपे

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ठोंबाचा मधला भाग वाळतो आणि कडेने तेवढी पालवी राहते. हा रोग नव्हे. जुन्या गड्ड्याची ताकद संपलेली असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस ओसरून जमीन वाफशावर आली की, ठोंब खणून काढावा, मधला लाकडासारखा झालेला भाग टाकून द्यावा, आणि कडेच्या मुळांसह असलेल्या फुटव्यांचे तीन-चार भाग करून लगेच लावावेत. मुळे सुकू देऊ नयेत. हे काम मेमध्ये केले तर ऊन मारते आणि जुलैमध्ये केले तर जखमांतून कूज शिरते.

पावसाळ्याआधीची छाटणी वेगळी. पुण्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. त्याआधी दोन आठवडे फुलांचे सगळे दांडे काढून ठोंब वीतभर उंचीवर आणावा, पण बुडख्याची पाने ठेवावीत. कापलेल्या जागा पावसापूर्वी सुकून भरतात, बुडख्याशी वारा खेळतो आणि झाड फुलण्याऐवजी बुडाशी नवे धुमारे धरते. मेच्या अखेरीस बहर चांगला असताना ही छाटणी जिवावर येते. ज्या वर्षी मी ती टाळली त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत निम्मेच ठोंब उरले.

बी पेरूनही उगवले नाही अशी तक्रार आली तर बहुतेकदा ते खोल गाडलेले असते. गलांड्याच्या बियाला उगवण्यासाठी उजेड लागतो, म्हणून ते ओलसर मातीवर पसरून फक्त हाताने दाबावे, वर मातीचा थर देऊ नये, आणि पाणी झारीने न देता तुषाराने द्यावे. २१ ते २४ अंश तापमानात सात ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात, म्हणून सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर हा आपल्याकडे पेरणीचा सोयीचा काळ. फेब्रुवारीतही पेरता येते, मात्र ती रोपे मूळ धरताहेत तोच उन्हाळा गाठतो आणि त्यांना अधिक जपावे लागते. संकरित झाडाखाली पडलेल्या बियांतून आपोआप उगवलेली रोपे आईसारखी निघतीलच असे नाही. पिवळ्या कडांचे तांबडे फूल असलेल्या झाडाखाली निव्वळ पिवळे किंवा लालसर फुलांचे रोप उगवले तर रोपवाटिकेने फसवले असे मानू नये. नेमका तोच रंग पुन्हा हवा असेल तर बियांवर विसंबून न राहता फुटव्यांनी किंवा शेंड्याच्या फांद्यांनी अभिवृद्धी करावी, आणि त्या फांद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, झाडाला नवी पालवी असताना, सकाळी कापाव्यात.